शेवाळ मोजायचा प्रोब: सोलापूरच्या पाण्यात किती चालतो?

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत फिरू शकतील. तळ्यातलं, धरणातलं किंवा शेततळ्यातलं शेवाळ मोजायला प्रकाशावर चालणारा प्रोब घ्यायचा असेल तर निळा आणि नारंगी असे दोन्ही दिवे असलेलाच घ्या. एकट्या निळ्या दिव्याचा स्वस्त पडतो खरा, पण आपल्याकडच्या पाण्यात जिथे त्याची खरी गरज असते तिथेच तो कमी आकडा दाखवतो. आणि स्क्रीनवर ‘मायक्रोग्रॅम प्रति लिटर’ असं कितीही ऐटीत उमटलं तरी तो आकडा उचलून रिपोर्टवर छापू नका. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कशाने गेला आणि एक कशाने, ते पुढे येईलच.

मी जुळे सोलापुरात पाणी तपासायची छोटी लॅब चालवते. येणारी कामं म्हणजे सोसायट्यांचे बोअर, आरओ प्लँट, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले काही कारखाने, आणि अलीकडे वाढलेले शेततळंवाले. सांगोल्याकडचे डाळिंबवाले, पंढरपूर बाजूचे द्राक्षवाले, आणि मोहोळकडे शेततळ्यात रोहू-कटला सोडलेले. प्रोब घेतला तो या शेवटच्या मंडळींपायी. फोन येतो, “मॅडम, पाणी लै हिरवं झालंय ओ, काय टाकू?” काय टाकायचं ते पाण्यात काय आहे यावर ठरतं. बाटलीत भरलेला नमुना मोटारसायकलच्या डिकीतून, एप्रिलच्या उन्हात, माझ्या टेबलापर्यंत येईस्तोवर त्यातलं शेवाळ तळ्यातल्यासारखं उरलेलं नसतं. तळ्यावर जाऊन जागीच बघता आलं पाहिजे, हा हिशोब.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतले बहुतेक प्रोब आतून एकाच तत्त्वावर चालतात, आणि मी जे सांगणार आहे ते त्या सगळ्यांनाच कमीजास्त लागू आहे. कस्टम, जीएसटी, केबल, पेटी सगळं धरून बिल दोन लाखांच्या वर गेलं.

तत्त्व थोडक्यात. शेवाळातलं हरितद्रव्य निळा प्रकाश शोषतं आणि त्यातला अगदी थोडा भाग तांबड्या चमकेच्या रूपात परत बाहेर टाकतं. प्रोबच्या टोकाला निळा एलईडी असतो, ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा. शेजारच्या खिडकीतून ६८५ नॅनोमीटरच्या आसपासची तांबडी चमक तेवढी आत घेतली जाते. चमक जास्त म्हणजे हरितद्रव्य जास्त. समुद्राचं पाणी पंपाने यंत्रातून सतत फिरवून, जिवंत शेवाळाचीच चमक मोजता येते, हे लॉरेन्झेन या संशोधकाने १९६६ साली दाखवून दिलं. तेव्हा त्यासाठी बोटीवर यंत्र बसवावं लागलं होतं, आता ते टॉर्चएवढ्या नळीत मावतं. 

आता नारंगी दिव्याचं. आपल्या साचलेल्या, खतं-सांडपाणी उतरलेल्या, उन्हाने तापलेल्या पाण्यात सगळ्यात जास्त डोकेदुखी नीलहरित शेवाळाची. वनस्पतीशास्त्रवाले त्याला जीवाणूंत धरतात, ते बरोबरच आहे, पण तळ्याकाठी सगळे शेवाळच म्हणतात. मायक्रोसिस्टिस हे त्यातलं नेहमीचं नाव. याच्यातही हरितद्रव्य असतं, मात्र त्यातलं बरंचसं पेशीच्या अशा भागात बसलेलं असतं जो साध्या तापमानाला जवळपास चमकतच नाही. म्हणून निळ्या दिव्याला ते दिसतं कमी. त्याचा प्रकाश पकडायचा धंदा फायकोसायनिन नावाच्या निळ्या रंगद्रव्यावर चालतो. ते ५९० ते ६२० नॅनोमीटरचा नारंगी प्रकाश घेतं आणि ६५० च्या आसपास चमकतं. दुसरा दिवा त्यासाठी. 

याचा उपयोग मला मोहोळजवळच्या दोन शेततळ्यांवर पटला. एकाच मालकाची, शेजारी शेजारी, दोन्ही प्लॅस्टिक अंथरलेली, दोन्ही डोळ्यांना सारखीच हिरवी. निळ्या दिव्याचे आकडेही जवळपास सारखे. नारंगी दिवा लावला तर एका तळ्यात आकडा तळाशी आणि दुसऱ्यात कितीतरी पट वर. नमुने आणून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. पहिल्यात क्लोरेला आणि चार-चार पेशींच्या ओळीतलं सेनेडेस्मस, म्हणजे माशांच्या तळ्याला चालणारं साधं हिरवं शेवाळ. दुसऱ्यात मायक्रोसिस्टिसचे गोळेच गोळे, आतल्या वायूच्या फुग्यांमुळे काळपट ठिपके दिसणारे. मालक तोपर्यंत मोरचुदाची पिशवी फोडून उभे होते, दोन्ही तळ्यांत टाकायला.

पहिल्या तळ्यात टाकायची गरजच नव्हती. दुसऱ्यात एकदम टाकणं धोक्याचं होतं. मोरचुदाने नीलहरित शेवाळाच्या पेशी फुटतात आणि आत विष असेल तर ते पाण्यात मोकळं होतं. वर मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढतं आणि पहाटे मासे तोंड वर काढून तरंगायला लागतात. त्यांना आधी हवा मारायचं चाक चालू करायला सांगितलं, खाद्य बंद, आणि थोडं थोडं पाणी बदलायला. “मॅडम, तुमच्या या नळीनं पिशवी वाचवली बघा,” म्हणाले. मोरचुदाच्या पिशवीची किंमत आणि प्रोबची किंमत यांचा मेळ बसत नाही, पण तळ्यातल्या माशांचा धरला तर बसतो.

तारे कापायला आता सुरुवात करते.

पहिली अडचण सूर्य. दुपारच्या कडक उन्हात शेवाळ स्वतःला वाचवायला जादाचा प्रकाश उष्णतेच्या रूपात उधळतं, त्यामुळे चमक घटते. तेच तळं, तेच शेवाळ, पहाटे आकडा मोठा आणि दुपारी पृष्ठभागावर लहान. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत हे एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात आहे. ज्या देशात ती पुस्तिका लिहिली तिथलं ऊन आणि सोलापूरचं एप्रिल-मेचं बेचाळीस अंशांचं ऊन यांत फरक आहे. मी पहाटे, सूर्य उगवायच्या आत मोजते. ते जमत नसेल तर बादलीभर पाणी काढून, वर ओलं पोतं टाकून वीसेक मिनिटं सावलीत ठेवायचं आणि मग प्रोब बुडवायचा. सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडून “शेवाळ कमी झालं” असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

दुसरी अडचण आपली काळी माती. पहिला पाऊस झाला, ओढे वाहिले की हिप्परग्याच्या तलावात काय किंवा शेततळ्यात काय, पाण्याचा रंग चहासारखा होतो. मातीचे कण प्रकाश अडवतात आणि विखुरतात. कधी आकडा खाली ओढतात, कधी विखुरलेला प्रकाश चुकून खिडकीत शिरला की वर नेतात. गढूळपणा वेगळा मोजून दुरुस्ती करायची सोय महागड्या मॉडेलांत असते, माझ्यात नाही. जून-जुलैत मी प्रोबच्या आकड्यावर निर्णय देत नाही, सरळ सूक्ष्मदर्शक काढते. तारा नाही, पण अर्धा इथे गेला.

तिसरी गोष्ट रंगाची, आणि ही खास सोलापूरची म्हणा. आपल्याकडे टॉवेल-चादरींचा धंदा, म्हणजे रंगकाम आलंच. या प्रोबचं कॅलिब्रेशन रोडामाइन नावाच्या गुलाबी रंगाच्या पातळ द्रावणाने करतात. जो रंग शेवाळाच्या जागी उभा राहू शकतो, त्याच्यासारखा चमकणारा एखादा रंग नाल्याच्या पाण्यातून आला तर प्रोब फसणार हे उघड आहे. यावर उपाय सोपा. पाणी बारीक काचतंतूंच्या गाळणीतून गाळायचं आणि गाळलेलं पाणी पुन्हा प्रोबखाली धरायचं. शेवाळ गाळणीवर राहतं. गाळलेलं पाणीही चमकत असेल तर ती चमक शेवाळाची नाही, पाण्यात विरघळलेल्या कशाची तरी आहे. तेवढा आकडा वजा करायचा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि नाल्याजवळचा कुठलाही नमुना मी याशिवाय नोंदत नाही.

त्याच रोडामाइनची आणखी एक गंमत. पाणी तापलं की त्याची चमक उतरते, दर अंशाला दोन-अडीच टक्के. म्हणून सोबत तापमानाचा तक्ता देतात. माझ्याकडचा तक्ता तीस अंशांवर संपतो. मे महिन्यात लॅबच्या टाकीतलं पाणी तीसच्या खाली येतंच कधी! कॅलिब्रेशनच्या दिवशी आमचा लॅबमधला पोरगा बाटली फ्रिजमध्ये ठेवून “मॅडम, रंग गार झाला का बघा की,” म्हणत फिरतो. विक्रेत्याला ईमेल केला, “खोलीचं तापमान २५ ठेवा” असं उत्तर आलं.

आता तो गेलेला पूर्ण तारा. तो त्या मायक्रोग्रॅमच्या आकड्यासाठी. प्रोबला खरं तर फक्त चमक कळते. चमकेचं हरितद्रव्याच्या वजनात रूपांतर कारखान्यात कुठल्यातरी एका जातीच्या शेवाळावर ठरवलेलं असतं. तुमच्या तळ्यात दुसरी जात, दुसरं ऊन, दुसरं खत. पेशी उपाशी असतील तर चमक वेगळी, धष्टपुष्ट असतील तर वेगळी. म्हणून मी स्क्रीनवर सापेक्ष चमकेचं एकक लावून ठेवलंय, आणि ज्या तळ्यावर वरचेवर जायचं तिथलं पाणी अधूनमधून लॅबमध्ये आणून खरं हरितद्रव्य काढते. पद्धत जुनीच: ठरलेलं पाणी काचतंतूंच्या गाळणीतून गाळायचं, गाळणी ९० टक्के ॲसिटोनमध्ये कुस्करून रात्रभर अंधारात फ्रिजमध्ये, मग सेंट्रिफ्यूज आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर. ६६४ नॅनोमीटरला वाचायचं, ७५० ला गढूळपणा बघायचा, थेंबभर आम्ल टाकून ६६५ ला पुन्हा वाचायचं म्हणजे मेलेल्या शेवाळाचा वाटा वेगळा निघतो. प्रोबची चमक आणि हे खरं हरितद्रव्य असे काही जोडआकडे जमले की त्या तळ्यापुरती रेघ काढता येते. मोहोळची रेघ हिप्परग्याला लावायची नाही.

हे विकणारा माणूस सांगत नाही. तो पेटी उघडतो, नळाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो, कुंडीतल्या हिरव्या पाण्यात बुडवून मोठा आकडा दाखवतो आणि पावती फाडतो.

दाट साय आली असेल तर आणखी एक फसवणूक होते. मायक्रोसिस्टिस पोटातल्या वायूमुळे वर तरंगतं आणि वाऱ्याने एका कोपऱ्यात हिरव्या रंगासारखं गोळा होतं. त्या सायीत प्रोब घातला तर आकडा अपेक्षेपेक्षा कमी येतो. गड्ड्याच्या यात्रेत मागे उभं राहिलेल्याला नंदीध्वज दिसत नाही, तसंच इथे होतं: पुढच्या पेशीच सगळा प्रकाश खातात, मागच्यांपर्यंत तो पोचत नाही, आणि मागच्यांची चमक बाहेर येईपर्यंत पुढच्या ती गिळतात. अशा वेळी पाणी दहापट पातळ करून मोजायचं. आकडा दहाव्या हिश्श्याऐवजी जास्त आला तर समजायचं की मूळ नमुन्यात प्रोब आंधळा झाला होता. 

उलट, काही गोष्टी याला मुळीच दिसत नाहीत. कंबर तलावासारख्या ठिकाणची जलपर्णी मोजायची असेल तर हे यंत्र नाही. दगडांवर, प्लॅस्टिकच्या कडेला लोंबणारी केसांसारखी तंतुशेवाळ पण नाही. एखादा तंतू खिडकीसमोरून गेला की आकडा उडी मारतो आणि परत बसतो, एवढंच. म्हणून एका जागी एकच वाचन घेऊन निघायचं नाही, प्रोब पाण्यात धरून थोडा वेळ आकडे पळू द्यायचे आणि मधला घ्यायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, विष याला दिसत नाही. नारंगी दिव्याचा आकडा वर गेला म्हणजे विष बनवू शकणारी जमात वाढली, इतकंच. मायक्रोसिस्टिन, म्हणजे मायक्रोसिस्टिससारख्यांचं विष, आहे की नाही, किती आहे, त्यासाठी वेगळी चाचणी लागते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठी कायमच्या वापराची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे, आणि पाणी उकळून हे विष जात नाही. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं होतं, “तुमच्या मशीननं पाणी पिण्यालायक आहे का ते सांगा.” या मशीननं ते सांगता येत नाही. जो सांगतो म्हणेल त्याला लेखी द्यायला सांगा.

उजनीचं मात्र वेगळं. पुणे-पिंपरी चिंचवडचं पाणी भीमेतून कुठे येतं हे सोलापुरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, आणि त्याच धरणाचं पाणी आपल्या नळाला येतं. ११७ टीएमसीच्या त्या पसाऱ्यावर एका काठावर उभं राहून प्रोब बुडवणं म्हणजे फक्त त्या काठाचं पाणी मोजणं. तिथे आकाशातून बघणं जास्त शहाणपणाचं. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी. त्यात ६६५ आणि ७०५ नॅनोमीटरचे पट्टे आहेत. शेवाळ दाट असेल तर पहिल्या पट्ट्यात प्रकाश शोषला जातो आणि दुसऱ्यात परावर्तन उसळतं, त्या दोघांच्या फरकातून हरितद्रव्याचा अंदाज निघतो. उन्हाळ्यात उजनीवर हिरव्या वेटोळ्यांची रांगोळी नुसत्या डोळ्यांनीही त्या चित्रात दिसते. पण ७०५ च्या पट्ट्याचा एक ठिपका जमिनीवर वीस मीटरचा. शेततळं त्यात काठासकट मिसळून जातं, आणि पावसाळाभर वर ढग. म्हणजे मोठ्या धरणाला उपग्रह, लहान तळ्याला प्रोब, अशी वाटणी मी केली आहे. हिप्परगा मधोमध पडतो, तिथे दोन्ही वापरते आणि दोन्हींचं जमतंय का बघते.

फुकटातला खरा प्रतिस्पर्धी म्हणजे सेक्कीची तबकडी. अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली भूमध्य समुद्रात पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. आता तळ्यांसाठी वीस सेंटिमीटरची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची वापरतात. मी ती स्टीलच्या जुन्या झाकणावर ऑइलपेंट मारून केली, मधोमध भोक, खाली वजन, वर खुणा केलेली दोरी. दिसेनाशी झाली ती खोली लिहायची. शेवाळ आणि माती यांतला फरक ती सांगत नाही, दिसायला काहीच शास्त्रीय वाटत नाही, पण ड्रिपचे लॅटरल, म्हणजे झाडांपर्यंत जाणाऱ्या बारीक नळ्या, तुंबतात म्हणून काळजीत असलेल्या डाळिंबवाल्याला एवढी पुरते. तबकडी दर आठवड्याला वर वर यायला लागली की वाळूचा फिल्टर लवकर लवकर धुवायचा. त्याला दोन लाखांचं यंत्र विकणं बरोबर नाही.

प्रोबची बांधणी चांगली आहे. एकदा काठावरच्या दगडावर आपटला, काही झालं नाही. केबल मात्र आखूड, आणि तिच्यावरचे मीटरचे आकडे ओल्या हाताने पुसले गेले, आता रंगीत टेपच्या खुणा आहेत. खिडकीवर बोट लावायचं नाही, कडक ब्रशने घासायचं नाही. तळ्यात कायमचा सोडून द्यायचा विचार असेल तर पुसणारा ब्रश असलेलं मॉडेल घ्या किंवा टोकाभोवती तांब्याची जाळी लावा. नाहीतर काचेवरच शेवाळाचा थर चढतो आणि यंत्र तळ्याऐवजी स्वतःच्याच अंगावरचं शेवाळ मोजत बसतं. मोबाइलचं ॲप गावाकडे रेंज नसली की लॉगिन मागतं. वही बाळगा. दुरुस्तीला परराज्यात पाठवावा लागतो, जाऊन यायला महिने लागतात, आणि नेमका उन्हाळ्यातच बिघडतो.

घ्यावा कुणी? लॅबवाल्यांनी, ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आणि ॲसिटोनची सोय आहे त्यांनी. वनस्पतीशास्त्राच्या विभागांनी तर जरूर, मुलांना एकाच पहाटे सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव आणि हिप्परगा फिरवून तीन पाण्यांतला फरक आकड्यांत दाखवता येतो. मासेवाल्यांनी एकट्याने नको. दहा-बारा तळ्यांनी वर्गणी काढून एक घेतला आणि वापरणारा माणूस एकच ठेवला तर पैसे वसूल होतील. 

पैसे भरायच्या आधी विक्रेत्याला एवढं विचारा: नारंगी दिव्याची तरंगलांबी किती? रूपांतर न केलेली चमक स्क्रीनवर बघता येते का? दिवसेंदिवस प्रोब तसाच वाचतोय हे तपासायला घन स्वरूपाचं स्टँडर्ड सोबत मिळतं का, की ते वेगळं विकत घ्यायचं? दुरुस्ती कुठल्या शहरात? आणि डेमो त्यांच्या ऑफिसात न घेता तुमच्या तळ्यावर मागा, पहाटे एकदा आणि त्याच दिवशी दुपारी एकदा. दोन्ही आकडे वेगळे का आले ते त्याला समजावून सांगता आलं तर बोलणी पुढे न्या. नुसतंच “फॅक्टरी कॅलिब्रेटेड आहे मॅडम” म्हणाला तर पुढच्याला फोन लावा.